प्रतिकृतीचें प्रामाण्य

नैयायिकांनीं उपमान या प्रमाणाचें एक उदाहरण पिढ्यानुपिढ्या दिलेलें आहे. गांवांत राहणाऱ्या एका मनुष्यानें गवय नांवाचें जनावर कधीं पाहिलेलें नसतें. एक वनवासी त्यास सांगतो कीं, गवय गाईसारखा असतो. पुढें हा मनुष्य अरण्यांत जातो, गाईसारखें परंतु गाय नव्हे असें एक जनावर त्याच्या दृष्टीस पडतें, आणि ‘हाच तो गवय’ असें ज्ञान त्यास होतें. उदाहरण साधें आहे, व त्यांत कोणाचें कांहीं जात नाहीं. ओळख चुकली तर फार झालें तर एका जनावरास भलतें नांव मिळेल. परंतु समजा, त्या वनवाशानें ‘नदीचा पुढचा उतार मागच्यासारखाच आहे’ असें सांगितलें, आणि त्या शब्दावर विसंबून कोणी रात्रीच्या वेळीं बायकामुलांसह पाण्यांत पाऊल टाकलें, तर? सादृश्यावरून होणाऱ्या ज्ञानावर किती भरंवसा ठेवावा, आणि तो दुसऱ्यानें ठेवावा असें सांगण्याचा आपणांस अधिकार किती, हा प्रश्न मग केवळ तर्कशास्त्राचा न राहतां नीतीचा होतो.

या प्रश्नाचा विचार करण्यास आम्हांस एका अगदीं अर्वाचीन विद्येनें प्रवृत्त केलें. खोल समुद्रांतून तेल व वायु काढण्याकरितां, आणि अलीकडे वाऱ्यापासून वीज उत्पन्न करण्याकरितां, जे तरते मंच उभारतात त्यांची परीक्षा ते समुद्रांत नेण्यापूर्वीं कशी करावी, हें सांगणारी ती विद्या होय. हा विषय यंत्रविद्येचा असला तरी तो आमच्या घरांपासून फार दूर नाहीं. मुंबईच्या पश्चिमेस समुद्रांत १९७४ सालीं तेल सांपडलें. तेथील पाणी उथळ असल्यामुळें मंच तळावर पाय रोवून उभे आहेत. परंतु पूर्व किनाऱ्यावर, कृष्णा-गोदावरींच्या मुखांसमोर, सुमारें बाराशें मीटर खोल पाण्यावर तरणाऱ्या जहाजांतून २००८ सालीं तेल निघूं लागलें. ज्या घरचा मुलगा चौदा दिवस समुद्रावर व चौदा दिवस घरीं असा संसार करतो, त्या घरांतील वडील मंडळींस हा प्रश्न पुस्तकी वाटणार नाहीं.

प्रथम ही वस्तु काय आहे तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. पाणी कांहींशें मीटर खोल असेल तोंवर पोलादाचे अथवा काँक्रीटचे पाय तळापर्यंत नेतां येतात. त्यापुढें तें साधत नाहीं. तेथें एखाद्या लहानशा वस्तीएवढा मंच पाण्यावर तरत ठेवून साखळ्या व दोर सोडून तो समुद्रतळाशीं जखडतात. मेक्सिकोच्या आखातांतील पर्डिडो नांवाच्या मंचावरून २०१० सालीं तेल निघूं लागलें. त्याच्या खालीं सुमारें २,४५० मीटर पाणी आहे. आमचें कळसूबाईचें शिखर १,६४६ मीटर उंच. तें त्या पाण्यांत नेऊन ठेवलें तर त्याच्या माथ्यावर आणखी आठशें मीटर पाणी राहील. अशा ठिकाणीं वारा मंचास ढकलतो, लाट त्यास डोलविते, प्रवाह ओढून नेऊं पाहतो, दोर त्यास मागें खेचतात, आणि त्या दोरांस पाण्यांतून हलतांना जो विरोध होतो त्यानें मंचाचें डोलणें कांहीं अंशीं शमतें. ह्या सर्व गोष्टी परस्परांत गुंतलेल्या आहेत. पुन्हां, एक मंच वादळांत टिकतो कीं नाहीं हें पाहण्याकरितां दुसरा बांधून बुडवून पाहणें कोणास परवडणारें नाहीं. म्हणून प्रतिकृति करावी लागते.

प्रतिकृतीवरून मुळाचा निर्णय करण्याची कल्पना आमच्या वाचकांस परकी नाहीं. ज्या जलसंशोधन-संस्थेचा आरंभ १९१६ सालीं झाला, ती आज पुण्याजवळ खडकवासल्यास आहे. तेथें नद्या, धरणें व बंदरें यांच्या प्रतिकृति करून त्यांतून पाणी सोडून पाहतात. जहाजांच्या बाबतींत या विद्येचा पाया विल्यम फ्रूड (१८१०–१८७९) या इंग्रज गृहस्थानें घातला. जॉन स्कॉट रसेल याच्यासारख्या नामांकित जहाजशिल्प्यांचा लहान नमुन्यांवर विश्वास नव्हता. फ्रूडनें एकाच आकृतीचे तीन, सहा व बारा फुटी नमुने नदींत ओढून पाहिले, आणि पुढें आरमारखात्याच्या साहाय्यानें टॉर्की येथें आपल्या घराजवळ एक लांब हौद बांधून १८७२ सालापासून त्यांत प्रयोग चालविले. त्याचा नियम असा कीं, नमुना मूळ जहाजाच्या चौसष्टाव्या हिश्शाचा असेल तर त्याचा वेग आठव्या हिश्शाचा ठेवावा, म्हणजे दोहोंच्या लाटांची आकृति एकसारखी उठते. काळही आठपटीनें आखडतो. समुद्रावरील तीन तासांचें वादळ हौदांत साडेबावीस मिनिटांत आटोपतें. जोर मात्र चौसष्टाच्या घनानें, म्हणजे २,६२,१४४ पटींनीं वाढतो. नमुन्यावर दहा ग्रॅम वजनाइतकी चूक झाली तर समुद्रावर ती सव्वीसशें किलोंची होते.

परंतु येथें एक अडचण आहे, आणि तीच आमच्या लेखाचें बीज होय. नमुना लहान करतां येतो, पाणी लहान करतां येत नाहीं. लाटा गुरुत्वाकर्षणाचा कायदा पाळतात, घर्षण पाण्याच्या चिकटपणाचा कायदा पाळतें, आणि एकाच नमुन्यांत एकाच पाण्यांत दोन्ही कायदे एकदम पाळतां येत नाहींत. फ्रूड हें जाणून होता. त्यानें साध्या फळ्या ओढून घर्षण किती होतें तें निराळें मोजलें, नमुन्याच्या एकंदर विरोधांतून घर्षणाचा भाग गणितानें वजा केला, उरलेला भाग आपल्या नियमानें मोठा केला, आणि त्यांत खऱ्या जहाजाचें घर्षण पुन्हां गणितानें मिळविलें. म्हणजे प्रतिकृति व गणित यांचें मिश्रण ही आजची नवलाई नव्हे. पहिल्या हौदापासूनच तें चालत आलेलें आहे. पण फ्रूडनें आणखी एक गोष्ट केली. १८७१ सालीं आरमाराचें ‘ग्रेहाउंड’ नांवाचें खरें जहाज दुसऱ्या जहाजाकडून समुद्रांत ओढवून त्यानें त्याचा विरोध मोजला, आणि नमुन्यावरून केलेल्या भाकिताशीं ताडून पाहिला. मेळ चांगला बसला. उपमान व अनुमान यांच्या जोडीस त्यानें प्रत्यक्षास बोलाविलें, यांत त्याच्या बुद्धीइतकीच त्याची सचोटीही दिसून येते.

आतां खोल समुद्राकडे वळूं. असल्या परीक्षांचे मोठे हौद जगांत थोडेच आहेत. नॉर्वेंतील ट्राँढेम येथील हौद ऐशी मीटर लांब, पन्नास मीटर रुंद व दहा मीटर खोल आहे. नेदरलंड्समधील वाखेनिंगेन येथील हौदाची खोली साधारण तेवढीच असून त्याच्या मध्यभागीं तीस मीटर खोल अशी एक विहीर आहे. पर्डिडोसारख्या मंचाचा नमुना साठाव्या हिश्शाचा केला तर त्याखालीं एकेचाळीस मीटर पाणी हवें. सगळी खोली दहा मीटरांत बसवावयाची म्हटली तर नमुना दोनशें पंचेचाळिसाव्या हिश्शाचा करावा लागेल. मग समुद्रावरची तीन मीटरांची लाट हौदांत सव्वा सेंटिमीटरची होईल, आणि पाण्याचा चिकटपणा व पृष्ठताण यांचा तिच्यावर इतका अंमल बसेल कीं ती समुद्राची लाट राहणारच नाहीं. देव्हाऱ्यांतील मूर्ति कितीही लहान असली तरी चालते. हौदांतील समुद्राचें तसें नाहीं.

अशा वेळीं शास्त्रज्ञ एक तडजोड करतात. मंच बेताच्या आकाराचा ठेवतात, लाटा खऱ्या पाण्याच्या ठेवतात, आणि दोर कापतात. हौदाचा तळ येतो तेथें दोर संपवून त्यांत स्प्रिंगा घालतात, आणि मंचास मूळच्या दोरांइतकाच ओढा जाणवेल अशी योजना करतात. मंच संथ असतांना हें ठीक साधतें. परंतु हजारों मीटर लांबीच्या खऱ्या दोरास पाण्यांत हलतांना होणारा विरोध आखूड दोरांत उतरत नाहीं. तो भाग संगणकावर सोंपवितात. प्रथम आखूड दोरांच्या चांचणीचेंच गणित मांडतात. हौदांत जें दिसलें त्याशीं तें जुळेपर्यंत त्यांतील गुणक कमीअधिक करतात. नंतर गणितांतील आखूड दोर काढून त्यांच्या जागीं पूर्ण लांबीचे दोर घालतात, आणि मंच खऱ्या समुद्रांत कसा वागेल तें त्यावरून सांगतात. हीच मिश्र परीक्षा.

हिची दुसरी तऱ्हा अधिक विलक्षण आहे. स्कॉटलंडच्या किनाऱ्याबाहेर २०१७ सालीं पांच तरत्या पवनचक्क्या वीज देऊं लागल्या. अशा चक्कीचा नमुना लाटांच्या नियमानें लहान केला तर त्याच्या पात्यांवर वाऱ्याचा जोर खऱ्यासारखा पडत नाहीं. म्हणून ट्राँढेम येथील संशोधकांनीं लाटा खऱ्या ठेवून वारा गणितांतून आणला. नमुना कोठें आहे व किती कलला आहे हें उपकरणें क्षणोक्षणीं टिपतात. त्या स्थितींत वाऱ्याचा जोर किती असता तें संगणक काढतो. आणि बारीक दोऱ्या नमुन्यास तितकाच ओढा देतात. संगणकाच्या उत्तरास किंचित् विलंब झाला, तर तो ओढा डोलणें शमविण्याऐवजीं वाढवूंही शकतो. म्हणजे समुद्रांत नसलेलें संकट परीक्षाच उत्पन्न करील. अर्धें जग पाण्याचें व अर्धें अंकांचें असें हें नाटक पाहून आम्हांस कौतुक वाटतें, आणि त्याबरोबरच एक शंकाही येते.

ती शंका अशी. हौदाची साक्ष व गणिताची साक्ष या दोन निरनिराळ्या जातींच्या आहेत. हौदांतील पाणी लहानशा जागेंत कोंडलेलें असलें तरी खरें पाणी आहे. सृष्टीचे जे नियम आम्हांस ठाऊक नाहींत तेही तें पाळतें, आणि म्हणून आमच्या अपेक्षेविरुद्ध बोलण्याची शक्ति त्यास असते. गणित आम्हीं जें शिकविलें तेवढेंच बोलतें. आतां, हौदाशीं जुळेपर्यंत ज्याचे गुणक फिरविले तें गणित हौदाशीं जुळतें यांत नवल कसलें? साक्षीदारास घरीं पढवून न्यायालयांत उभा करावा, आणि त्याची जबानी आपल्या म्हणण्याशीं तंतोतंत जुळली म्हणून न्यायाधीशानें आनंद मानावा, तसें हें होईल. जुळवून घेणें व पडताळून पाहणें या दोन क्रियांत जो भेद आहे तो पुसला गेला, कीं परीक्षा केवळ विधि म्हणून उरते.

प्राचीन तर्कशास्त्रांत या धोक्यास नांव आहे. जेथें धूर तेथें अग्नि, हा नियम खरा. पण जेथें अग्नि तेथें धूर, असें कोणी म्हणेल तर तें चुकेल. कारण धुरास ओल्या सरपणाची अट आहे. ही लपलेली अट म्हणजे उपाधि. हौदांत जो गुणक मिळाला त्यासही अशी उपाधि चिकटलेली असूं शकते. कदाचित् स्प्रिंगांचें घर्षण त्यांत शिरलें असेल. कदाचित् भिंतींवरून परतलेली लाट त्यांत मिसळली असेल. हा गुणक घेऊन आपण अडीच हजार मीटर खोल पाण्यांत गेलों, तर ज्या हौदाच्या भिंती तेथें नाहींत त्यांची छायाही आपल्याबरोबर जाते. चांगले परीक्षक हें ओळखून असतात. ते कांहीं लाटांवरून गुणक ठरवितात, आणि ज्या लाटा त्या गणितानें पाहिलेल्या नाहींत त्यांवर त्याची कसोटी घेतात. हा साधा नेम पाळण्यास विद्वत्ता फारशी लागत नाहीं, पण धैर्य बरेंच लागतें. कारण त्या वेळेपर्यंत आराखडा ठरलेला असतो, पोलाद मागविलेलें असतें, आणि काम पुरें करण्याची तारीख जाहीर झालेली असते.

हौद व गणित यांपैकीं एकासच खरें मानणाऱ्यांकरितां दोन उदाहरणें पुरेशीं आहेत. ‘स्लीपनर ए’ नांवाच्या मंचाचा काँक्रीटचा अवाढव्य पाया २३ ऑगस्ट १९९१ रोजीं नॉर्वेंतील स्टाव्हांगरजवळच्या खाडींत, पाणी भरून खोल उतरवीत असतांना फुटला व बुडाला. वरील सर्व माणसें वांचलीं. सुमारें सत्तर कोटि डॉलरांचें नुकसान झालें. संगणकावरील गणितांत पायाचे भाग जाड जाड तुकड्यांनीं कल्पिल्यामुळें एका नाजूक सांध्यावरील कातरताण ४७ टक्क्यांनीं कमी धरला गेला होता. मागाहून काळजीपूर्वक गणित केलें तेव्हां पाया ६२ मीटरांवर फुटावयास हवा असें निघालें. प्रत्यक्षांत तो ६५ मीटरांवर फुटला होता. यावरून गणितास दोष देतां येत नाहीं. त्याच्या सफाईदार आकड्यांपुढें ज्यांनीं शंका विचारणें सोडलें त्यांस देतां येतो.

उलट बाजूचें उदाहरण हाइड्रुन या नॉर्वेंतील तरत्या मंचाच्या वेळचें आहे. हा मंच ताणलेल्या उभ्या नळ्यांनीं तळाशीं बांधलेला असून १९९५ सालीं कामास लागला. अशा मंचांच्या नमुन्यांवर हौदांत उंच व उभट लाटा सोडल्या असतां एक विलक्षण प्रकार दिसून आला. लाट निघून जातांना, घंटेवर टोला पडावा तसा, नळ्यांतील ताण एकाएकीं थरथरूं लागे. आणि त्या थरथरीची लय लाटेच्या लयीपेक्षां पुष्कळ जलद असे. त्या काळच्या नेहमींच्या गणितांत याचा समाधानकारक खुलासा नव्हता. पाण्यानें प्रश्न टाकला, आणि फाल्टिन्सेन, न्यूमन व विन्ये यांनीं १९९५ सालीं त्यावर नवी उपपत्ति मांडली. हौदांतील नोंदी यंत्राचा दोष म्हणून कोणीं पुसून टाकल्या असत्या, तर तें ज्ञान झालें नसतें.

आणि कित्येक गोष्टी या दोघांसही ठाऊक नसतात. २७ मार्च १९८० रोजीं उत्तर समुद्रांत ‘अलेक्झांडर किलँड’ नांवाचा तरता मंच वादळांत उलटला. तो कामगारांच्या निवासाकरितां वापरीत असत. त्यावर २१२ माणसें होतीं, त्यांपैकीं १२३ मेलीं. एका तिरप्या नळीवर आवाज टिपणारें लहानसें उपकरण बसविण्याकरितां जो जोड दिला होता, त्याच्या झाळणींत चीर पडली होती. ती वाढत वाढत नळी तुटली, व मागोमाग मंचाचा एक पायच निखळला. हौदांतील नमुन्यास ती झाळणी नसते, आणि गणितांतील रेघेस कारागिराचा हात लागलेला नसतो. प्रतिकृति मुळापेक्षां नेहमीं थोडी अधिक निर्दोष असते. हा तिचा गुण दिसतो, पण तोच तिचा मोठा दोष होय.

कोणी म्हणेल, ‘इतक्या शंका काढीत बसल्यास मनुष्यानें कांहींच करूं नये काय? वैद्य एका रोग्यावरून दुसऱ्यास औषध देतो, आई पहिल्या मुलावरून दुसरें वाढविते. सादृश्यावांचून एक दिवस तरी निभतो काय?’ हें म्हणणें आम्हांस मान्य आहे. शंभर टक्के खात्री झाल्यावांचून पाऊल उचलूं नये असें जो म्हणतो तोही प्रामाणिक नसतो. त्याच्या चुलींतील वायु व दिव्यांतील वीज कोणी तरी धोका पत्करूनच त्याच्या घरीं आणलेली असते. मिश्र परीक्षा ही आज उपलब्ध असलेल्या साधनांत उत्तम आहे, आणि ती टाकून नुसत्या गणितावर किंवा नुसत्या हौदावर विसंबणें हें अधिक अविचाराचें होईल. प्रश्न ती करावी कीं नाहीं हा नाहीं. ती करणाऱ्यानें दुसऱ्यास काय सांगावें, हा आहे.

फ्रूडच्या काळीं प्रत्यक्षाची पाळी आधीं येऊं शकत होती; ‘ग्रेहाउंड’ शांत पाण्यांत ओढून पाहतां आलें. खोल समुद्रावरील मंचाच्या बाबतींत प्रत्यक्ष शेवटीं येतें. पहिलें खरें वादळ हीच त्याची अखेरची परीक्षा, आणि त्या परीक्षेच्या वेळीं मंचावर कामगार असूं शकतात. १ जानेवारी १९९५ रोजीं उत्तर समुद्रांतील द्राउप्नेर मंचावरील उपकरणानें २५.६ मीटर उंचीची एक लाट टिपली, तेव्हां त्या वेळचा समुद्र त्याच्या निम्म्याहूनही कमी उंचीच्या लाटांचा मानला जात होता. समुद्र आमच्या कोष्टकांशीं करार करीत नाहीं. म्हणून मंचावर झोंपणारा मनुष्य हा परीक्षेच्या बाहेरचा नसून, त्याच्या इच्छेवांचून, तिच्या शेवटच्या भागांत सामील झालेला असतो. ज्यास आपण प्रयोगांत घेतलें त्यास प्रयोगाची मर्यादा सांगणें हें आमच्या मतें पहिलें कर्तव्य होय.

तें सांगणें कठीण नाहीं. दोर कोठें कापला, कोणता गुणक जुळवून घेतला, कोणत्या लाटा पाहिल्या नाहींत, हें अहवालाच्या शेवटच्या परिशिष्टांत न घालतां पहिल्या पानावर, साध्या भाषेंत असावें. मंच उभा राहिल्यावर दोरांतील ताण मोजणारीं उपकरणें त्यावर असावींत, आणि त्यांनीं भाकिताविरुद्ध साक्ष दिली तर ती दडपून न टाकतां पुढच्या मंचाच्या उपयोगीं पडावी. ज्यानें गुणक जुळविले त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणीं तरी त्यांची कसोटी घ्यावी. कारण आपल्या कृतींतील चूक आपल्यास दिसत नाहीं हा अनुभव लेखकापासून सुगरणीपर्यंत सर्वांस आहे. यांत परीक्षकाची प्रतिष्ठा कमी होत नाहीं. ‘येथवर मीं पाहिलें, येथून पुढें मीं अनुमान केलें’ असें जो स्पष्ट म्हणतो, त्याच्याच पहिल्या वाक्यावर विश्वास ठेवण्यास जागा राहते.

असो. आरंभींच्या त्या वनवाशाकडे पुन्हां वळूं. कांहीं नैयायिकांनीं असें मानलें आहे कीं, उपमान केवळ साधर्म्यानेंच होतें असें नव्हे, वैधर्म्यानेंही होतें. एखादी वस्तु कशासारखी नाहीं हें सांगूनही तिची ओळख पटवितां येते. ‘गवय गाईसारखा असतो’ एवढें सांगणारा वनवासी खोटें बोलला नाहीं. परंतु ज्यास अरण्यांत एकट्यानें जावयाचें आहे, त्यास तो गाईसारखा कोठें नाहीं हेंही त्यानें सांगावयास हवें. हौदाकांठीं बसून समुद्राचें भविष्य वर्तविणाऱ्या विद्वानांकडून आमची मागणी याहून अधिक नाहीं. आणि ज्या घरचा मुलगा त्या समुद्रावर असतो, त्या घरास याहून कमी कांहीं पुरणार नाहीं.